रिलीव्हरचा हिशेब

आमच्या बेसबॉल टीमचं स्कोअरिंग माझ्याकडे असतं. सीझन संपल्यावर सरांनी स्कोअरबुकं माझ्या हवाली केली. प्रश्न रिलीव्हरचा होता, म्हणजे मॅच चालू असताना आधीच्या पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) जागी येणाऱ्या पिचरचा. "रिलीव्हरपैकी कोण खरंच कामाचा आहे ते आकड्यांनिशी सांग. नुसतं 'चांगला टाकतो' नको."

कोथरूडला घरी येऊन आधी प्रत्येकाचा ईआरए काढला, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले अर्न्ड रन (फिल्डरच्या चुकीमुळे न गेलेले). पण रिलीव्हरच्या बाबतीत हा आकडा साफ फसवतो. एक पानच बघा. एक आउट, पहिल्या-दुसऱ्या बेसवर रनर आणि आमचा डावखुरा आत आला. पहिल्याच पिचवर डबल, म्हणजे बॅटर थेट दुसऱ्या बेसवर; दोन्ही रनर होमला, म्हणजे दोन रन, मॅच हातातून गेली. पुढचे दोघे त्याने आउट केले. त्याचा त्या दिवसाचा ईआरए शून्य! रनर आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले, त्यामुळे रनही त्या आधीच्याच नावावर. तो बिचारा तोवर बेंचवर पाणी पीत बसला होता.

मग मी वेगळा रकाना आखला: आत येताना बेसवर किती रनर होते आणि त्यातले किती घरी पोचले. शेजारी बेस आणि आउट लिहिले. शून्य आउट असताना तिसऱ्या बेसवरचा रनर रोखणं आणि दोन आउट असताना पहिल्यावरचा रोखणं, यांना एकाच मापाने कसं मोजणार?

सेव्हही पाहिले, म्हणजे थोडी आघाडी टिकवून मॅच संपवल्याबद्दल रिलीव्हरच्या नावावर लागणारी नोंद. अमेरिकेतल्या मेजर लीगने 1969 पासून अधिकृत केलेला हा आकडा दिलदार आहे. तीन रनांची आघाडी घेऊन शेवटच्या इनिंगला यायचं, दोन देऊन बसायचं, तरी सेव्ह खिशात. शिवाय सेव्हच्या मोहापायी हुकमी पिचर राखून ठेवला जातो. 2016 मध्ये बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने 47 पैकी 47 सेव्ह केले होते, ईआरए 0.54. टोरांटोविरुद्धच्या वाइल्ड कार्ड मॅचमध्ये (हरला तो बाहेर) मात्र तो आत आलाच नाही आणि टीम अकराव्या इनिंगला हरली. म्हणून पिचर आत आला तेव्हा मॅच किती अटीतटीची होती, हेही टिपलं.

माझा सगळ्यात जास्त भरवसा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट) आणि वॉकवर (चार चुकीच्या पिचवर बॅटरला फुकट पहिला बेस) बसला. आमच्या मैदानात खडी इतकी, की जमिनीलगतचा साधा फटकासुद्धा शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) डोक्यावरून उडतो. त्याचं खापर पिचरवर का फोडायचं? स्ट्राइकआउट, वॉक, होमरन यांत फिल्डरचा फारसा हात नसतो. मात्र हे दर इनिंगमागे न काढता समोर आलेल्या बॅटरमागे काढलं. रिलीव्हरच्या इनिंग मुळात थोड्या, मेजर लीगमध्येही सीझनभरात साठ-सत्तर. एका वाईट दुपारीत सगळं चित्र पालटतं.

निकाल असा निघाला: डावखुऱ्याला कोऱ्या इनिंगला, म्हणजे बेस रिकामे असताना, द्या, आणि बेस भरलेले असतील तेव्हा तो अबोल, कमी वेगाचा पोरगा पाठवा, तो वॉक देतच नाही. दुसरं सरांना लगेच पटलं. डावखुऱ्याबद्दल मात्र ते म्हणाले, "अरे, एवढ्याशा इनिंगवरून?" आकडे माझ्या बाजूने आहेत, पण थोडे आहेत हेही खरं. तेव्हा पुढच्या सीझनला तोच रकाना पुन्हा आखणार आहे.