वॉशिंग्टनमधला अस्वलाचा पंजा

गेल्या ऑक्टोबरात ताईकडे वॉशिंग्टनजवळच्या अ‍ॅशबर्नला महिनाभर होतो. पहिल्या आठवड्यात दाजींचं नेहमीचं सगळं दाखवून झालं, व्हाइट हाउस, लिंकनचा पुतळा, विमानांचं म्युझियम, आणि मग दुसऱ्या आठवड्यात मी म्हणलं दाजी आता मला एक स्वयंपाकघर बघायचंय. दाजींनी चष्म्यावरनं बघितलं माझ्याकडं. एवढ्या लांब येऊन स्वयंपाकघर? पण माझा धंदाच तो, पुण्यात सदाशिव पेठेत पोरांची मेस चालवतो, दोन वेळचे मिळून दीडशे डबे-ताटं, तर मला पुतळ्यापेक्षा मोठा टोप बघून जास्त बरं वाटतं त्याला काय करणार.

बघायचं होतं ते डीसी सेंट्रल किचन, गरजूंसाठी जेवण बनवणारी वॉशिंग्टनमधली संस्था. तिथं नुसतं बघायला नाही, कामाला जाता येतं, तीन तासांची शिफ्ट असते, ऑनलाइन नाव टाकायचं. ताईनं तिचं आणि माझं दोघांचं टाकलं आणि आदल्या रात्री तिच्या ऑफिसचा कॉल निघाला, म्हणजे मी एकटाच. सकाळी सातच्या आत मेट्रोची सिल्व्हर लाइन पकडली. ही लाइन अ‍ॅशबर्नपर्यंत २०२२ च्या नोव्हेंबरात आली, त्याआधी म्हणे गाडी काढल्याशिवाय इलाज नव्हता. सव्वा तास खिडकीतनं बघत बसलो, डलेस विमानतळ, मग टायसन्सच्या काचेच्या बिल्डिंगा, मग भुयार. लाँफाँ प्लाझाला (लिहितात एल एन्फंट, दोन माणसांना विचारताना माझी जी फजिती झाली ती जाऊदे) उतरून ग्रीन लाइन, आणि पुढच्याच स्टेशनला, वॉटरफ्रंटला, बाहेर.

तिथनं पंधरा-वीस मिनिटं चालत बझर्ड पॉइंट. बझर्ड म्हणजे तिकडच्या भाषेत गिधाड, आणि जागा म्हणजे अ‍ॅनाकोस्टिया नदी पोटोमॅकला मिळते तिथलं टोक. एकेकाळी सगळी गोदामं आणि कारखाने, आता फुटबॉलचं स्टेडियम आणि नव्या कोऱ्या इमारती. पलीकडं पांढऱ्या कमानींचा पूल दिसतो. वारा असला की कानाची पाळी बधिर. मी पुण्याचं जर्किन घालून गेलेलो, म्हणजे गेलो ते हुडहुडी भरूनच.

आता थोडी जुनी गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रॉबर्ट एगर नावाचा माणूस, नाइटक्लबमधे मॅनेजरकी करायचा आणि स्वतःचा क्लब काढायच्या विचारात होता. एका रात्री चर्चच्या लोकांबरोबर गाडीतनं रस्त्यावरच्या माणसांना जेवण वाटायला गेला. पाऊस पडत होता, लोकं भिजत रांगेत उभी, आणि ह्याच्या डोक्यात हॉटेलवाल्याचं गणित सुरू झालं, की हे जेवण विकत आणलेल्या मालाचं आहे आणि तिकडं आमच्या लाइनमधली हॉटेलं रोज रात्री चांगलं अन्न फेकतायत. आणि दुसरं म्हणजे, आज ज्याला वाटलं तोच माणूस उद्याही ह्याच रांगेत. मग फुकट आलेल्या अन्नावर ह्याच लोकांना स्वयंपाक शिकवला तर? त्यातनं हे किचन उभं राहिलं. सुरुवात केली २० जानेवारी १९८९ ला, त्या दिवशी थोरल्या बुशचा शपथविधी होता आणि पार्ट्यांमधनं उरलेलं अन्न उचलायला ह्यांची फ्रीजवाली गाडी गेली. राजधानीतल्या सगळ्यात मोठ्या पंगतीचं उरलेलं! माणूस क्लबवाला होता, पब्लिसिटी कळत होती त्याला. वर्षभरात, १९९० मधे, शिकवण्याचा क्लास सुरू झाला.

तीसेक वर्षं हे सगळं चाललं एका निवाऱ्याच्या तळघरात, संसदेच्या घुमटापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. ती जागा मी नंतर एका दिवशी मुद्दाम बघून आलो, बाहेरनं काही बघण्यासारखं नाही, पण तिची गोष्ट आपल्या लोकांना पटकन कळेल. १९८४ मधे मिच स्नायडर नावाच्या कार्यकर्त्यानं ही पडीक सरकारी इमारत बेघरांसाठी नीट करून द्या म्हणून ५१ दिवस उपोषण केलं आणि निवडणूक दोन दिवसांवर असताना रेगन सरकार कबूल झालं. म्हणजे उपोषणानं मिळालेल्या इमारतीत पुढं हजारो लोकांचं जेवण शिजलं. ही गोष्ट दाजींनाही माहिती नव्हती, वीस वर्षं राहतायत.

आताची बझर्ड पॉइंटची जागा २०२३ पासनंची. आत गेल्यागेल्या केसांना जाळी, एप्रन, हात धुणं, ग्लोव्हज. मी हात धुवायला लागलो तर मागनं आवाज, अजून, अजून, वीस सेकंद. आमच्या मेसमधे वीस सेकंद हात धुणारा माणूस मी अजून ठेवलेला नाही, खरं सांगतो. मग किचन बघितलं आणि छातीत कळ आली. वाकवता येणाऱ्या कढया, हँडल फिरवलं की अख्खी कढई पुढं कलते, झाऱ्यानं उपसायला नको. आत चालत जाता येईल एवढे फ्रीज, आणि प्रत्येक डब्यावर टेप, टेपवर मार्करनं काय आहे आणि कुठल्या तारखेचं. टेप नसलेला एक डबा मी शोधत होतो, मिळाला नाही.

मला दिलं गाजर, आणि नंतर रताळी. समोर जी बाई शिकवत होती ती इथंच शिकून इथंच नोकरीला लागलेली, तिथल्या स्टाफमधे असे बरेच आहेत. तिनं आधी भाजी चिरायच्या पाटाखाली ओला नॅपकिन घातला. मी म्हणलं हे कशाला, तर तिनं पाट ढकलून दाखवला, हलला नाही. मग नॅपकिन काढून ढकलला, सरकन माझ्या पोटाशी. परत घातला. एवढंच, बोलली काही नाही. मग डाव्या हाताची बोटं आत वळवायला लावली, नखं आत, अंगठा मागं, सुरीचं पातं बोटांच्या पेरांना टेकून खालीवर होणार. ह्याला ते अस्वलाचा पंजा म्हणतात. वीस वर्षं भाजी चिरतोय मी, तरी पहिलं गाजर तिनं बाजूला केलं आणि दोन तुकडे शेजारी ठेवले, एक बोराएवढा, एक आवळ्याएवढा. बोर जळणार, आवळा कच्चा राहणार. माझं मलाच हसू आलं. शेजारी एक कॉलेजची पोरगी होती, तिचे सगळे तुकडे एकसारखे, फक्त तिला एक गाजर चिरायला पाच मिनिटं लागत होती.

आणि तिथली बोलायची पद्धत. मागनं कोणी जात असलं की बिहाइंड! कोपऱ्यावर कॉर्नर! गरम भांडं असलं की हॉट! सगळे सतत ओरडतायत पण चिडून कोणीच नाही. आमच्याकडं पण ओरडतात म्हणा.

ब्रेकमधे त्या बाईशी बोलणं झालं, माझं इंग्रजी तिला आणि तिचं मला निम्मं कळलं. क्लास काही महिन्यांचा, फी नाही, येणाऱ्यातले बरेच तुरुंगातनं सुटलेले, व्यसनातनं बाहेर आलेले, घर नसलेले. तीही सुटून आलेली, किती वर्षं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सुरी धरणं सोपं होतं म्हणाली, अवघड होतं ते रोज वेळेवर येणं आणि कोणी चूक दाखवली तर न चिडता येस शेफ म्हणणं. म्हणून तिथं स्वयंपाकाइतकंच ह्यावर काम घेतात, गटात बसून बोलायचं, मुलाखतीची तयारी, मग एखाद्या हॉटेलात जाऊन प्रत्यक्ष काम, मग नोकरी. होझे अँद्रेस, तो मोठा स्पॅनिश शेफ, ज्यानं २०१० मधे हैतीच्या भूकंपानंतर आपत्तीत जेवण पुरवणारं वर्ल्ड सेंट्रल किचन काढलं, तो आधी इथंच स्वयंसेवक म्हणून यायचा. नावातलं सेंट्रल किचन कुठनं आलं ते कळलं मग.

दुसरी एक गोष्ट मला धंदेवाला म्हणून फार आवडली. अ‍ॅनाकोस्टिया नदीपलीकडच्या वस्त्यांत मोठी सुपरमार्केटं फारशी नाहीत, कोपऱ्यावरची छोटी दुकानं, त्यात चिप्स आणि कोल्ड्रिंक. दुकानदाराला सफरचंदं ठेवायची असली तरी होलसेलवाला पेटीशिवाय देत नाही आणि पेटी खपत नाही. तर २०११ पासनं हे लोक त्या दुकानांना होलसेल भावात थोडा थोडा ताजा माल पोचवतात, फ्रीजसुद्धा देतात. शाळांची जेवणं बनवायचं कामही घेतात, त्याचे पैसे मिळतात, म्हणजे सगळं देणगीवर नाही.

आणि उरलेल्या अन्नाचं म्हणाल तर तिथं १९९६ मधे कायदा झाला, चांगल्या मनानं दिलेल्या अन्नानं काही झालं तर देणाऱ्यावर केस नाही, अगदी घोर निष्काळजीपणा किंवा मुद्दाम केलेलं नसलं म्हणजे झालं. रात्री अकराला साठ चपात्या समोर ठेवून द्याव्या का टाकाव्या हा विचार केलेल्या माणसालाच ह्याची किंमत कळेल. आपल्याकडं २०१९ मधे उरलेल्या अन्नाचे नियम आले. मेसवाल्याला अजून कोणी येऊन समजावलेले नाहीत ते सोडा.

परतीच्या ट्रेनमधे पालखीचा दिवस आठवत बसलो. आमची गल्ली दरवर्षी केळी वाटते, पलीकडची राजगिरा लाडू, त्याच्या पलीकडची बिस्किटं, दुपारी वारकरी हात जोडून नको म्हणतात आणि आम्ही तरी पिशवीत कोंबतो कारण माल संपवून फोटो काढायचा असतो. मी पण कोंबलीत. वारीत वाटावं, त्यात वाईट काही नाही. पण आमच्या त्याच गल्लीत मेसच्या मागच्या दाराशी एकजण रोज रात्री येतो, मी डबा देतो, चार वर्षं देतोय, आणि तुला भांडी घासायला यायचंय का हे एकदाही विचारलेलं नाही.

आल्यावर विचारलं. पहिल्यांदा नाही म्हणाला. दिवाळीनंतर आला, आठ दिवस टिकला, मग गायब, आता परत येतोय, कधी साडेनऊला कधी साडेअकराला. वेळेवर येणंच अवघड, बाई बरोबर बोलली होती.

नॅपकिनची गोष्ट मात्र फसली. आमच्या मावशींना ओला नॅपकिन आणि अस्वलाचा पंजा दोन्ही करून दाखवलं, त्यांनी शांतपणे बघून घेतलं आणि विळी पुढं ओढली. म्हणाल्या, दादा, हिच्यावर बसते मी, ही कुठं सरकणारे?