टाइम चौथ्याचा धरतात

नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, त्यानंतर मी सायकल घेतली. त्यामुळे सायकल म्हणजे रस्ता, हेच डोक्यात. पण मित्राच्या टीमला सहावा गडी हवा होता आणि मी झ्विफ्ट रेसिंग लीगमध्ये उतरलो. झ्विफ्ट म्हणजे ॲप: घरात सायकल ट्रेनरवर, म्हणजे एका जागी धरणाऱ्या स्टँडवर लावायची, पेडल मारायचं आणि स्क्रीनवरच्या रस्त्यावर शर्यत खेळायची. सीझन सप्टेंबरपासून, शर्यती मंगळवारी.

आधी एफटीपी टेस्ट, म्हणजे साधारण तासभर टिकेल अशी पायांची ताकद वॉटमध्ये मोजायची. वीस मिनिटं जीव तोडून पेडल मारायचं, सरासरी वॉटचे ९५ टक्के धरायचे. माझी सरासरी २१०, म्हणजे एफटीपी साधारण २००. वजन ७२ किलो, किलोमागे २.८ वॉट पडले आणि ताकदीनुसार पाडलेल्या गटांपैकी सी गटात मी बसलो. ॲपमध्ये वजन खरंच लिहावं, वेग त्यावरूनही ठरतो. दोन किलो चोरले तरी चढावर दुसऱ्याची मेहनत लुटली जाते, आणि मला ते सहन होत नाही.

खरी लढाई खोलीशी झाली. रस्त्यावर वारा अंगाला लागतो, ट्रेनरवर नाही. सप्टेंबरात नागपुरात दमट उकाडा. मे महिन्यात आपला जीव वाचवणारा कूलर तेव्हा हवेत ओलावा वाढवतो, घाम वाळत नाही, ठोके चढतात आणि वॉट पडतात. शेवटी कूलर बंद केला, खिडक्या उघडल्या, पुढे एक नि मागे एक पेडेस्टल फॅन लावला. त्याच पायांतून जास्त वॉट निघाले. माझं स्पष्ट मत आहे: नागपूरकरांनी महागड्या चाकांआधी पंखे घ्यावेत.

सगळ्यात जीव जडला तो टीम टाइम ट्रायलवर, म्हणजे अख्ख्या टीमने मिळून घड्याळाशी लावलेल्या शर्यतीवर. सहा जण निघतात, टाइम चौथ्याचा धरतात. म्हणजे दोघांनी आधी ओढून संपलं तरी चालतं. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की त्याच वेगाला कमी वॉट लागतात, म्हणून पुढे कोणी किती वेळ राहायचं हे आधीच ठरतं. आमच्या कॅप्टन अमरावतीच्या ताई. डिस्कॉर्ड या बोलायच्या ॲपवर त्यांचा आवाज आला, "भाऊ, चढाच्या पायथ्यापर्यंत तुम्ही ओढा, मग सुटले तरी चालते."

मी ओढलं. पायथ्याशी पाय संपले. चौघं एकमेकांना धरून वर निघाले, आणि मी मागून त्यांच्या नावापुढचे वॉट बघत, माइकवर "सोडू नका, सोडू नका" ओरडत राहिलो. रस्त्यावर इतकं दुसऱ्यासाठी मी कधी चालवलं नव्हतं.

पुढच्या राउंडला ताई मला चौघांत धरणार आहेत. त्यासाठी सकाळी सेमिनरी हिल्सचा चढ सुरू केलाय.