शनीचा आडाळो

बाबा गेल्यापासून आत्येची भाऊबीज माझ्याकडे आली. वाटणीत बाकी कुणाला काय मिळालं ते असो, मला ही मिळाली. दरवर्षी मी साडी नेतो. आत्या ती हातात घेऊन काठ चाचपते, "बरी आसा" म्हणते आणि कपाटात ठेवते. त्यातलीच एक साडी मागे एका लग्नात नवरीच्या मावशीला आहेर म्हणून जाताना मी ओळखली. डोंबिवलीहून खास आणलेली होती, म्हणून जरा लागलं.

यंदा साडी न्यायची नाही हे ठरलं. पण काय न्यायचं? दिवाळीच्या आधी मोबाइल उघडला की राशीनुसार भेटवस्तूंच्या याद्या आपोआप समोर येतात. मेषेला लाल रंगाचं काहीतरी, वृषभेला अत्तर आणि गोडधोड, मिथुनेला बोलायचं-वाचायचं साहित्य, सिंहेला सोनेरी आणि भपकेदार. मला ही कल्पना आवडली. दुकानात उभं राहून डोकं खाजवण्यापेक्षा निर्णय ग्रहांवर सोपवलेला बरा. न आवडल्यास बोलही त्यांनाच.

अडचण एकच, आत्येची रास कोणती?

आधार कार्डावर तिचा जन्म १ जूनचा. तिच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा जन्म १ जूनलाच झालेला आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लावली, झालं. त्या तारखेने यादीप्रमाणे ती मिथुन ठरते. नावावरून बघावं, तर माहेरचं नाव 'मा'वरून, म्हणजे सिंह. लग्नात सासरच्यांनी ते बदलून 'रा'वरून ठेवलं, म्हणजे तूळ. एका अंतरपाटात बाईची रास दोन घरं पुढे सरकली. शेवटी तिलाच फोन केला.

"तारीख खंयची कोणाक म्हायत? आवशीन सांगल्यान, नारळीपुनवेची रात होती, भरती पुरी भरली नि मी झालंय."

एवढ्यावर मी वहीच उघडली. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथीची पाऊणपट केली की झालं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. पुनवेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. थोडं पुढेमागे होतं, पण होडी घेऊन जाणाऱ्याचं त्यावर भागतं. तेव्हा आत्येची जन्मवेळ रात्री सव्वाअकराच्या आसपास. एखाद्या नर्सने वहीत लिहिलेल्या वेळेपेक्षा हिच्यावर माझा जास्त विश्वास आहे.

आणि पुढे तर गंमतच झाली. आपण रास मानतो ती चंद्राची, आणि चंद्र एका राशीत सव्वादोन दिवसच थांबतो, म्हणून एरवी दिवस आणि वेळ दोन्ही लागतात. पण पुनवेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर. श्रावणातल्या पुनवेला सूर्य कर्केच्या उत्तरार्धात नाहीतर सिंहेच्या पूर्वार्धात असतो, तेव्हा चंद्र मकरेत नाहीतर कुंभेत. श्रवण नक्षत्र तिथलंच, महिन्याला नाव त्याचंच. साल माहीत नसलं तरी बिघडत नाही, कारण मकर आणि कुंभ दोन्हींचा स्वामी एकच. शनी.

(मोबाइलवरच्या याद्या सूर्याच्या राशीच्या, त्याही परदेशी मोजणीच्या. त्यांचा सूर्य २३ जुलैच्या सुमाराला सिंहेत शिरतो, आपला १७ ऑगस्टच्या सुमाराला. दोन्हींत सुमारे २४ अंशांचं अंतर पडलेलं आहे. कुणाला सोनेरी भेट द्यायच्या आधी हे बघून घ्यावं.)

आता मी ज्योतिष मानतो का, तर अर्धवट. चंद्र खाडीचं पाणी आमच्या पायरीपर्यंत आणतो हे रोज दिसतं. तेवढ्यावरून तो साड्यांचे रंगही सुचवतो असं काही सिद्ध होत नाही. पण एवढं गणित करून झाल्यावर उत्तर टाकून देणं माझ्याच्याने होईना.

शनीचं रत्न नीलम. तो लागतो नाहीतर बाधतो म्हणतात. मला तर किमतीतच बाधला. काळं वस्त्र दिवाळीला कोण नेणार? सावंतवाडीला नवग्रहांची गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, बघितली होती, नऊ ग्रहांची प्रत्येकी बारा अशी १०८ गोल पानं, हाताने रंगवलेली. मन फार झालं. पण आत्येने ती पेल्यांवर झाकणं म्हणून वापरली असती. उरले तीळ, तेल, उडीद आणि लोखंड.

लोखंड म्हटल्यावर चतुर्थीचा दिवस आठवला. मोदकांसाठी आत्या आडाळ्यावर, म्हणजे विळीवर बसून नारळ खवत होती. खोबऱ्यापेक्षा तिचा आवाजच जास्त पडत होता. "पातां झिजलां, दात गेले, कोणाक पडलली नाय." आम्ही सगळे तिथेच पत्ते कुटत होतो. ऐकलं सगळ्यांनीच.

कुडाळच्या बाजारात चांगला आडाळो मिळाला. फणसाचा जाड पाट, पातं जड, टोकाला खवणीचे दात असे की बोट लावायला भीती वाटावी. भाऊबीज रविवारी आणि मला सवड मिळाली ती शनिवारी. शनीचं माणूस, शनीचाच धातू, शनीचाच वार, मला तर योग वाटला. पैसे देऊन झाल्यावर आठवलं की शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत.

भाऊबिजेला गेलो तेव्हा दीड वाजत आला होता, द्वितीयेची भरती काठोकाठ. ओवाळून झाल्यावर मी आडाळो पुढे केला. आत्येने तो चाचपला नाही. सरळ जमिनीवर मांडून त्यावर बसूनच बघितलं, पाट डुगडुगतो का म्हणून.

"कधी घेतलंस?"

"शुक्रवारी."

पाटाच्या तळाला दुकानदाराने बिल चिकटवलं होतं, ते माझ्या लक्षात नव्हतं. तिने ते सोडवलं, चष्मा लावला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गेली. आमच्या मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते काढलं, आणि मला पकडायला तेच कामाला आलं. तारखेवर बोट ठेवून ती जराशी थांबली.

"मगे हंय शनवार कसो?"

मी करंजी तोंडात घातली.

तिने कनवटीचा बटवा सोडला. धारेची वस्तू फुकट घेतली तर नातं कापतं, म्हणून एक रुपया माझ्या हातावर ठेवला. मग त्याच्या शेजारी आणखी एक.

"ह्यो पात्याचो. नि ह्यो शनवाराचो. वाटेर मारुती लागतलो, थंय टाक."