पाऊस थांबल्यावर कुठले टायर?

ओल्या ट्रॅकसाठी टायर निवडणं पाऊस पडत असताना सोपं असतं, खरी गोची पाऊस थांबल्यावर होते. धो धो कोसळत असेल तर सगळेच खोल नक्षीचे टायर लावतात, वादच नाही. पण रेसला पाऊण तास राहिलाय, पाऊस थांबलाय, ट्रॅक काळाकुट्ट दिसतोय आणि शेजारच्या पिटमधली पोरं सेमी-स्लिक (जवळजवळ नक्षी नसलेले, कोरड्या ट्रॅकचे टायर) चढवायला लागलीत, अशा वेळी आपला ड्रायव्हर आपल्या तोंडाकडं बघायला लागतो आणि आपण आभाळाकडं.

माझं कोल्हापुरात टायरचं दुकान आहे, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, पंक्चर, सगळंच. कोल्हापूरला गाड्यांचं वेड जुनंच, मोहित्यांचा गो-कार्ट ट्रॅक आहे, त्यामुळं असली गिऱ्हाइकं मला नवीन नाहीत. त्यातलेच एक दाताचे डॉक्टर. जुनी होंडा सिटी घेतली, आतलं सगळं काढून रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा लोखंडी पिंजरा) बसवला, रेसचं लायसन्स काढलं आणि हौशी क्लासमधे रेस मारायला लागले. मी त्यांचा टायरवाला म्हणून सोबत जातो. मला पैसे देतात, वर जेवण. बायको म्हणते फुकट पण गेला असतास, आणि ते खरं आहे.

ही गोष्ट नोव्हेंबरातली, चेन्नईची. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई आहे, ह्युंदाईचा कारखाना आहे ना तिथंच, तिथं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. १९९० पासून रेस तिथं होतात, त्याच्या आधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. लॅप साधारण ३.७ किलोमीटरची, १२ टर्न, आणि मेन स्ट्रेट संपली की सी-वन नावाचा टर्न, जो भल्याभल्यांना घाम फोडतो. आपल्याकडं पाऊस आटपून दिवाळीचा फराळ पण संपलेला असतो तेव्हा तिकडचा खरा पाऊस चालू असतो, ईशान्य मोसमी, ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडची पोरं हे विसरतात आणि एकच सेट घेऊन हजार किलोमीटर येतात.

आम्ही दोन सेट नेले होते. आमच्या क्लासला कंपनी कुठलीही चालते पण टायर रोडवर चालणारा पाहिजे, म्हणजे खरे रेसिंग वेट चालत नाहीत. एक सेट सेमी-स्लिक, नक्षी नावापुरती, रबर मऊ. दुसरा सेट म्हणजे दुकानातले नवेकोरे रोड टायर, १९५/५० आर १५, नक्षी ८ मिलिमीटर खोल, V आकाराची, एकाच दिशेनं फिरणारी. साइडवॉलवर ट्रॅक्शन एए. हे अक्षर लोक बघतच नाहीत, सगळे ट्रेडवेअरचा आकडा बघतात, १०० का २०० का ३००, पण तो आकडा झिजेचा आहे, ग्रिपचा नाही. ट्रॅक्शनचं अक्षर मात्र ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून ठरवलेलं असतं, तेवढ्यापुरतं का होईना कामाचं आहे.

सकाळी क्वालिफायिंग, म्हणजे रेसला कोण कुठल्या जागेवरनं सुटणार ते ठरवणारी फेरी, कोरड्यात झालं, सेमी-स्लिकवर डॉक्टर चौथे, खूष. दुपारी दीडला जो पाऊस लागला तो तासभर असा काही कोसळला की पिटच्या पत्र्याखाली उभं राहून शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आमची रेस पावणेचारला. तीनला पाऊस बंद.

"मालक, थांबला की. सेमी-स्लिकच राहू दे," डॉक्टर.

म्हटलं थांबा जरा.

आमच्या आधी बाइकची रेस होती, ती मी कुंपणाशी उभा राहून बघितली. आभाळाकडं बघण्यात अर्थ नसतो, बघायचं असतं मागच्या चाकातून उडणारं पाणी. खांद्याइतकं उंच उडतंय का टाचेपर्यंत, आणि आवाज कसा येतोय. ट्रॅक नुसता ओला असेल तर टायरचा आवाज जवळजवळ कोरड्यासारखाच येतो, वर पाणी उभं असेल तर फसफस असा सणसणीत आवाज येतो. इथं मेन स्ट्रेटवर चांगलीच फसफस होती आणि सी-वनच्या अलीकडं एका जागी ट्रॅकवरनं आडवं पाणी वाहत होतं, प्रत्येक बाइक तिथं हलत होती. ऊन नव्हतंच, वारा पण नव्हता. डॉक्टरांनी सकाळी पिटमधे वाळत घातलेला बालाक्लावा (हेल्मेटच्या आत घालायची टोपी) तीन वाजता पिळला तर पाणी निघालं. असल्या हवेत ट्रॅक वाळतो तो गाड्या फिरून, आपोआप नाही.

मग मी सेमी-स्लिकवर ड्युरोमीटर टेकवला. रबर किती कडक झालंय ते सांगणारं छोटं घड्याळ असतं ते, सुई टेकवायची आणि आकडा वाचायचा. ७५ च्या आसपास. हा सेट नवा होता तेव्हा साठीच्या थोडा वर होता. साइडवॉलवर ३५१९, म्हणजे २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला माल. जून २०२० मधे सरकारनं टायरच्या आयातीवर निर्बंध घातले तेव्हापासून असले टायर इकडं सहज मिळत नाहीत, जो तो जुना स्टॉक जपून वापरतोय आणि रबर काय कुणासाठी थांबत नाही. आणि सेमी-स्लिकला काम करायला सत्तर-ऐंशी डिग्री तरी लागतात, ओल्यात तो चाळिशीवर जाता जाता मरतो. म्हणजे कडक झालेला, थंड आणि पाणी काढायला खाच नाही. तिन्ही बाजूंनी बोंब.

डॉक्टर फॉर्म्युला वनचे भक्त, वाद घालायला लागले. मी म्हटलं २०२१ ची सोची आठवा, नॉरिस पुढं होता, पाऊस आला तरी कोरड्याच टायरवर राहिला आणि हातातली रेस घालवली, हॅमिल्टनचा शंभरावा विजय झाला. डॉक्टर म्हणाले, तिथं पाऊस वाढत गेला, इथं थांबलाय, उदाहरण उलटं आहे. आता हा मुद्दा खोटा नव्हता. फॉर्म्युला वनवाल्यांकडं मधलं इंटरमिजिएट असतं, पिरेलीचा फुल वेट ताशी ३०० ला सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो आणि इंटर ३० लिटर, पाहिजे ते लावा. आपल्याकडं एक टकला आणि एक जटाधारी, मधलं कुणीच नाही.

शेवटी मी हिशोब सांगितला. रेस ८ लॅपची. पहिल्या चार लॅप पाणी राहणारच, नंतर कदाचित लाइन वाळेल. जागा मिळवायच्या त्या पहिल्या चारात मिळवा आणि नंतर राखा. पाण्यावर तरंगण्याचा एक जुना नासाचा हिशोब आहे, हवेचा दाब पीएसआयमधे घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढून १०.३५ नं गुणायचं, येतो तो मैलातला वेग, ज्याला पाणी साचलेलं असलं आणि नक्षीला ते काढता आलं नाही की टायर रस्ता सोडतो. ३० पीएसआयला ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येतं. मेन स्ट्रेटच्या शेवटी आमची सिटी दीडशेच्या वर असते. डॉक्टर गप्प झाले. म्हणाले, "लावा तुमचे."

हवेचं पण सांगतो कारण यात बरेच जण फसतात. कोरड्यात मी सेमी-स्लिकमधे थंड २४ भरतो, तीन-चार लॅपमधे तो ३२-३३ ला जातो. ओल्यात टायर तापतच नाही, दोन-तीन पीएसआय चढला तर चढला, म्हणून सुरुवातीलाच जास्त भरायला लागते. कमी हवेत मधला भाग आत दबतो आणि खाचा मिटतात, पाणी जाणार कुठनं. पुढं ३१ आणि मागं २९ भरली. मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेली दांडी) एका बाजूनं सोडून टाकला. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, मागचे टायर तापायला काही कारणच नसतं, ओल्यात ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की ढुंगण फिरतं, ते जरा शांत राहावं म्हणून.

चाकं चढवायला ट्रॅकवरचं एक तमिळ पोरगं मदतीला होतं, मला अण्णा अण्णा करायचं, हाताला झटपट. मी दुकानात प्रत्येक रिमवर खडूनं जागा लिहिली होती, पुढची डावी, मागची उजवी असं, ते सगळं पावसानं धुऊन गेलेलं. त्यानं अंदाजानं चढवली. मी टॉर्क रेंच घेऊन नट आवळायला बसलो आणि सवयीनं साइडवॉलवरचा बाण बघितला तर मागचं डावं आणि मागचं उजवं अदलाबदल. बाण उलटा म्हणजे V उलटी, जी खाच पाणी मधनं बाहेर फेकते ती बाहेरचं मधे गोळा करणार. जॅक परत लावला, बदलली. पाच मिनिटं राहिली होती, पोरगं इतकं ओशाळलं की मीच त्याला चहा पाजला नंतर.

रेस कंट्रोलनं वेट रेस जाहीर केलेलीच होती. ग्रिडवर बघितलं, पहिल्या तीन गाड्या सेमी-स्लिकवर.

पहिल्या लॅपला मेन स्ट्रेटवरनं त्या गेल्या तेव्हा मी भिंतीपाशी होतो. आडव्या पाण्याच्या जागी पुढच्या गाडीचं इंजिन एकदम किंचाळलं, आरपीएम वर, वेग तेवढाच. पुढची चाकं पाण्यावर तरंगून नुसती फिरली की असंच होतं, डोळे मिटून पण कळतं. दुसऱ्या लॅपला तीच गाडी सी-वनला सरळ मातीत गेली. आमचे डॉक्टर दोन लॅपमधे दुसरे. आणि ते नेहमीच्या लाइनवर नव्हतेच, टर्नला बाहेरनं जात होते. कोरड्यात जिथं सगळ्यांचं रबर बसतं ती लाइन ओल्यात साबण होते, बाहेरचं खडबडीत डांबर बरं. ट्रॅकच्या कडेचे पट्टे रंगवलेले कर्ब तर शिवायचे पण नाहीत. हे त्यांनी ट्रेनिंगला शिकलेलं, मला वाटलेलं घाईत विसरतील, पण नाही विसरले. तिसऱ्या लॅपला पहिले. मी पिट वॉलवर नाचलो, खोटं कशाला सांगू.

पाचव्या लॅपला स्ट्रेटवर करडा पट्टा दिसायला लागला. वीसेक गाड्या फिरल्या की लाइनवरचं पाणी बाजूला जातं आणि तिथंच माझ्या टायरचं दुखणं सुरू होतं. ८ मिलिमीटर उंचीचे ठोकळे कोरड्यात वळणावर वाकतात, हलतात, तापतात आणि एकदा तापले की तुकडे पडायला लागतात. उपाय एकच, स्ट्रेटवर मुद्दाम लाइन सोडून ओल्यातनं जायचं आणि टायर गार करायचे. पण आमच्याकडं रेडिओ नाही. पिट बोर्ड होता, काळी पाटी आणि खडू. त्यावर मोठ्या अक्षरात 'पाणी' लिहिलं आणि भिंतीवरनं बाहेर धरलं. शेजारचा टीमवाला विचारतोय, हा कुठला कोड? म्हटलं सिक्रेट आहे.

पुढच्या लॅपला डॉक्टर स्ट्रेटवर डाव्या कडेच्या पाण्यातनं गेले, मागं पाण्याचा ढग. कळलं एकदाचं.

पण सेमी-स्लिकवाल्यांना आता जीव आला होता. सातव्या लॅपला एक पुढं गेला, शेवटच्या लॅपला दुसरा, ब्रेकिंगमधेच, काही लढाई नाही. डॉक्टर तिसरे.

गाडी आत आल्याबरोबर पुढच्या डाव्या टायरमधे तापमान मोजणाऱ्या पायरोमीटरची सुई खुपसली, ९५ डिग्री. ट्रॅक घड्याळाच्या दिशेनं फिरतो, उजवे टर्न जास्त, त्यामुळं डाव्या बाजूवर भार. बाहेरच्या खांद्याचे ठोकळे कडेनं फाटलेले, काहींची टोकं चक्क गायब, बोटानं दाबलं तर रबर हाताला चिकटत होतं. मागचे दोन्ही मात्र असे की गिऱ्हाइकाला नवे म्हणून विकले असते. (विकले नाहीत.)

"अजून दोन लॅप असत्या तर?" हेल्मेट काढता काढता डॉक्टरांनी विचारलं.

"सहावे."

हसले. ट्रॉफी मिळाली म्हणून हसले, नाहीतर परतीच्या हजार किलोमीटरात माझं काही खरं नव्हतं. शेजारचे अजून म्हणत होते की तुमचे टायर चुकले, शेवटी आम्हीच फास्ट होतो. शेवटी फास्ट होते हे खरंच, पण त्यांची एक गाडी मातीत होती आणि दुसरी पहिल्या तीन लॅपमधे जे हरवून बसली ते तिला भरून काढता आलं नाही. १२ लॅपची रेस असती तर मी काय लावलं असतं? बहुतेक तरी हेच, पण नवे नाही, अर्धे झिजलेले. पाच मिलिमीटरला पाणी पण जातं आणि ठोकळे पण इतके नाचत नाहीत.

रविवारच्या रेसला कडक ऊन, सेमी-स्लिक लावले, पाचवे आलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता अर्धे झिजलेले टायर आणायचे कुठनं? रोडवर वापरून झिजवले तर एकसारखे झिजत नाहीत, आणि तोवर रबर जुनं होतं ते वेगळंच. अमेरिकेत नवा टायर मशीनवर घासून पाहिजे तेवढी नक्षी ठेवून देतात, तिथल्या हौशी रेसवाल्यांचा नेहमीचा धंदा आहे. इकडं तसलं कोण करतं मला माहीत नव्हतं, पण गाडी बेळगावच्या अलीकडं आली असेल तेव्हा डोक्यात आलं की रिमोल्डवाले, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवणारे, काय करतात? ट्रकचा टायर बफिंग मशीनवर चढवून घासतातच की.

ओळखीच्या रिमोल्डवाल्याकडं गेलो, नव्या टायरची जोडी घेऊन. त्याच्या मशीनची रिंग ट्रकच्या मापाची, पंधरा इंचासाठी एक जुनी कुठनं तरी शोधून काढली. टायर हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला, नक्षीत नख घातलं, कोड वाचला.

"हा तर नवा आहे."

"हो. तीन मिलिमीटर काढायचे, पाच ठेवायचे, एकसारखे. मी गेज घेऊन शेजारी उभा राहतो."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा टायरकडं, आणि म्हणाला, "पैसे आधी द्या."