रिलीज म्हणजे फ्लश नव्हे: मेमरी ऑर्डरिंगच्या डॉक्युमेंटेशनची दुरुस्ती

सांगलीत विश्रामबागच्या ऑफिसात लॉक-फ्री रांगेची (लॉक न लावता अनेक थ्रेडना, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांना, वापरता येते अशा रांगेची) एक छोटी सी प्लस प्लस लायब्ररी आम्ही वापरतो. तिच्या डॉक्युमेंटेशनमधली मेमरी ऑर्डरिंगची, म्हणजे एका थ्रेडचं लिहिणं-वाचणं दुसऱ्याला कोणत्या क्रमाने दिसेल याच्या नियमांची, पानं दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीचंच वाक्य असं होतं: ‘रिलीज स्टोअर केलं की कॅशे मुख्य मेमरीत फ्लश होते, म्हणून दुसऱ्या थ्रेडला डेटा लगेच दिसतो.’ एका वाक्यात दोन चुका. कोअरजवळच्या छोट्या मेमरी, म्हणजे कॅशे, एकमेकींशी सुसंगत राहतील हे हार्डवेअरच बघतं, त्यासाठी काही फ्लश करावं लागत नाही. गोंधळ होतो तो स्टोअर बफरमुळे (लिहिलेलं कॅशेत जाण्याआधी थांबतं ती जागा), प्रोसेसरने क्रम बदलल्यामुळे आणि त्याच्याही आधी कंपायलरने ओळी हलवल्यामुळे. ‘लगेच’ तर कुणीच कबूल केलेलं नाही. सी प्लस प्लसचं स्टँडर्ड ‘वाजवी वेळात’ एवढंच सुचवतं.

नव्याने शिकणाऱ्यांसाठी मी मार्केट यार्डाचं उदाहरण घातलं. हळदीची पोती आधी ट्रकात चढवायची, मग चिठ्ठी लिहायची. ती चिठ्ठी ज्याने वाचली, त्याला पोती चढल्याची खात्री. चिठ्ठी पाहिलीच नाही, त्याला कसलीच खात्री नाही. आणि चिठ्ठी किती वाजता पोचेल, हे चिठ्ठीत लिहिलेलं नसतं. चिठ्ठी लिहिणं म्हणजे रिलीज स्टोअर, ती वाचणं म्हणजे अक्वायर लोड. अक्वायर लोडने रिलीज स्टोअरची किंमत वाचली तरच नातं जुळतं, ही अट मूळ मजकुरात कुठेच नव्हती.

खरा वाद दुसऱ्या वाक्यावर झाला. एक्स आणि वाय सुरुवातीला शून्य. एक थ्रेड एक्समध्ये १ लिहून वाय वाचतो, दुसरा वायमध्ये १ लिहून एक्स वाचतो. डॉक्युमेंटेशन म्हणत होतं की रिलीज-अक्वायर वापरलं की दोघांनाही शून्य मिळणं अशक्य. लेखकाने रास्पबेरी पाय ४ वर तपासूनच तसं लिहिलं होतं, आणि ६४-बिट सिस्टिमवर तिथे खरंच शून्य-शून्य येत नाही. कारण त्या आर्म प्रोसेसरवर कंपायलर रिलीज स्टोअरसाठी एसटीएलआर आणि अक्वायर लोडसाठी एलडीएआर या सूचना देतो, आणि एसटीएलआरनंतरचं एलडीएआर त्याच्या पुढे सरकत नाही. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर) मात्र दोन्हींचे साधे मूव्ह होतात. लिहिलेलं स्टोअर बफरमध्ये पडून असताना वाचन उरकतं आणि दोघांनाही शून्य मिळू शकतं. ‘आर्म सैल, एक्स८६ कडक’ हे पाठ करून बसलेल्यांची इथे फजिती होते.

ही चाचणी चालवताना नेमकं चुकतं ते असं: प्रत्येक फेरीला नवे थ्रेड सुरू करतात. थ्रेड तयार व्हायला जो वेळ लागतो, त्यात समोरच्याच्या दोन सूचना कधीच आटोपलेल्या असतात. दोन कायमचे थ्रेड ठेवावेत, ते वेगवेगळ्या कोअरला बांधावेत, दर फेरीला एकत्र सोडावेत आणि एक्स-वाय ६४ बाइट्सच्या वेगळ्या कॅशे लाइनवर ठेवावेत. मग एक्स८६ वर दहा लाख फेऱ्यांत शून्य-शून्य सापडतं.

तरीही ‘माझ्या मशीनवर दिसलं नाही’ हा पुरावा नव्हे. म्हणून तीच लिटमस टेस्ट (दोन थ्रेडची ही छोटी चाचणी) हर्ड-७ या तपासणीच्या साधनात, सी प्लस प्लसच्या नियमांचं आरसी११ हे मॉडेल घेऊन चालवली. प्रश्न एवढाच: शून्य-शून्य येऊ शकतं का? रिलीज-अक्वायरला उत्तर ‘समटाइम्स’, चारही ठिकाणी सेक-सीएसटी (सगळ्यात कडक ऑर्डरिंग) केल्यावर ‘नेव्हर’. ही फाइल दुरुस्तीसोबत जोडली आणि वाद मिटला. प्रत्येक दुरुस्तीचा कमिट वेगळा ठेवला. एकावर आक्षेप आला तरी बाकीच्या अडत नाहीत.

कंपेअर-एक्स्चेंजचं (किंमत अपेक्षित असेल तरच बदलणाऱ्या क्रियेचं) वाक्य निव्वळ जुनं झालं होतं. अपयशाचं ऑर्डरिंग यशापेक्षा कडक नको, हा नियम सी प्लस प्लस १७ मध्ये गेला. अपयशाला रिलीज किंवा अक्वायर-रिलीज देता येत नाही, हे अजूनही खरं. अशा वाक्यांपुढे आता स्टँडर्डचं वर्ष लिहितो.

शेवटी ‘फ्लश’ शब्द कोडच्या कमेंट्समध्येही शोधला, तेव्हा रेफरन्स काउंट (ऑब्जेक्ट किती जण वापरताहेत याची मोजणी) सापडला. तो वाढवताना रिलॅक्स्ड (इतर लिहिण्या-वाचण्याच्या क्रमाची हमी न देणारं ऑर्डरिंग) चालतं, पण इथे कमी करतानाही रिलॅक्स्डच होतं. त्यामुळे दुसऱ्या थ्रेडने ऑब्जेक्टमध्ये लिहिलेलं पूर्ण होण्याआधीच तो ऑब्जेक्ट डिलीट होऊ शकतो. कमी करताना रिलीज आणि शून्य झाल्यावर अक्वायर फेन्स (क्रम राखणारी वेगळी सूचना), ही नेहमीची दुरुस्ती. पण आम्ही जीसीसी कंपायलरचा थ्रेड सॅनिटायझर (रेस, म्हणजे थ्रेडची एकाच डेटावरची टक्कर, शोधणारं साधन) वापरतो आणि त्याला फेन्स समजत नाही, तो उगाच रेस दाखवत बसतो. म्हणून कमी करण्याच्या क्रियेलाच अक्वायर-रिलीज दिलं, आणि कारण कमेंटमध्ये लिहिलं.