अप्रेंटिसच्या स्टायपेंडमधला सरकारचा निम्मा वाटा: माझा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचं मशीनशॉप आहे, तिथली कागदपत्रं मी बघतो. २०२४-२५ मध्ये आम्ही चार मेकॅनिकल डिप्लोमा झालेले आणि एक बीई, असे पाच शिकाऊ उमेदवार 'नॅट्स'मधून, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेतून घेतले. त्या वेळी किमान स्टायपेंड पदवीधराला ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० रुपये होता. त्यातले अनुक्रमे ४,५०० आणि ४,००० केंद्र सरकारचे. पाच जणांचे मिळून महिन्याला २०,५००, वर्षाला २,४६,००० रुपये. लहान कारखान्याला हा मोठाच आधार आहे. तरीही ओळखीचे कितीतरी उद्योजक 'सरकारी काम, कोण मागे लागणार' म्हणून हात लावत नाहीत, म्हणून सगळं तपशिलात लिहितो.

पहिला गोंधळ योजनांच्या नावांचा. आयटीआय झालेला मुलगा 'नॅप्स'मध्ये, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत जातो. ती कौशल्य विकास मंत्रालयाची योजना, पोर्टल वेगळं, आणि सरकारचा वाटा स्टायपेंडच्या २५ टक्के, तोही महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये. डिप्लोमा किंवा पदवी झालेला मुलगा 'नॅट्स'मध्ये, आणि ती शिक्षण मंत्रालयाची. महाराष्ट्र आणि गोव्याचं काम मुंबईत सायनला असलेल्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाच्या पश्चिम विभागाकडे आहे. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या दोन्हींपेक्षा निराळी, तिच्यात विद्यावेतन राज्य सरकार देतं. कॉलेजात अजून शिकत असलेला मुलगा हवा असेल, तर त्याच्या अभ्यासक्रमातच अप्रेंटिसशिप धरलेली असावी लागते. तसा पदवी अभ्यासक्रम नसेल, तर सुट्टीतल्या इंटर्नसाठी इथे पैसे नाहीत.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. सरकार निम्मा वाटा देतं तो किमान स्टायपेंडचा, तुम्ही ठरवलेल्या रकमेचा नाही. आम्ही डिप्लोमावाल्यांना ११,००० ठरवले. सरकारचे ४,०००च राहिले, आमचे झाले ७,०००. 'निम्मे म्हणजे साडेपाच हजार' असं धरून बजेट केलं असतं, तर माणशी दीड हजाराचा खड्डा दर महिन्याला पडला असता.

किती जण घ्यायचे याला कायद्याची चौकट आहे. कंत्राटी कामगार धरून ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. आमची ३८ कायम आणि १४ कंत्राटी, एकूण ५२. म्हणजे किमान दोन, जास्तीत जास्त सात. कंत्राटदाराची माणसं धरायची राहिली की टक्केवारी चुकते, आणि बरेच जण इथेच चुकतात.

कारखान्याची नोंदणी त्या मानाने सोपी. पॅन, जीएसटी, पीएफचा कोड, माणसांची संख्या, कोणत्या शाखेचे किती उमेदवार हवेत आणि त्यांना काय शिकवणार, एवढी माहिती हाताशी ठेवून बसावं. कंपनीचं नाव पॅनवर जसं आहे तसंच टाकावं. मंजुरी आली की जागा पोर्टलवर टाकायच्या. मुलांनी आपापली नोंदणी करून अर्ज करायचा, मुलाखत आपण घ्यायची. शिक्षणानंतर वर्षभर किंवा जास्त नोकरी केलेला उमेदवार चालत नाही. आधीपासून आपल्या पगारपत्रकावर असलेल्या माणसाला अप्रेंटिस दाखवणंही चालत नाही, आणि तसं करूही नये.

आता खरी अडचण. जुलै २०२४ मध्ये नवं पोर्टल आलं आणि सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जायला लागला. त्याआधी कंपनीने पूर्ण रक्कम द्यायची आणि नंतर दावा करून निम्मी परत मागायची, अशी रीत होती. नवी पद्धत कारखान्याच्या दृष्टीने चांगलीच, कारण आपले पैसे अडकत नाहीत. पण मुलाचं आधार आणि बँक खातं यांत खोट असेल, तर त्याचे पैसे अडकतात, आणि तो विचारायला आपल्याकडेच येतो.

आमच्या पाचपैकी दोघांचे अडकले. एकाचं कारण आधार सीडिंग. खात्याला आधार 'लिंक' असणं आणि 'सीड' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेने केवायसीला आधार घेतलं, म्हणून सरकारी पैसे त्याच खात्यात येतील असं नाही. ते जातात एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत त्या आधारसमोर जी बँक असेल तिथे, आणि शेवटचं सीडिंग जिथे झालं तीच बँक तिथे असते. या मुलाने सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातं तिथे नोंदलेलं होतं. ते त्याला आठवतही नव्हतं. पोर्टलवर खातं एका बँकेचं, सीडिंग दुसऱ्याच बँकेचं. उपाय सोपा आहे. 'माय आधार'च्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून बँक सीडिंगची स्थिती बघायची, बँकेचं नाव आणि सक्रिय आहे की नाही दोन्ही दिसतं. चुकीची बँक दिसली तर ज्या खात्यात पैसे हवेत त्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा, आणि काही दिवसांनी पुन्हा तपासायचं. आता मुलाखतीच्या दिवशीच हा स्क्रीनशॉट मागतो.

दुसरीचं कारण नाव. आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, आणि काही विद्यापीठांच्या कागदावर वडिलांच्या नावापुढे आईचं नावही येतं. या मुलीच्या आधारवर वडिलांचं नाव नव्हतंच, आणि पहिल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळं होतं. डोळ्यांना हे किरकोळ वाटतं, पण जुळणी करणाऱ्या यंत्रणेला दोन माणसं दिसतात. नोंदणी आधारवरच्या नावाने करायची, आणि आधारच चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यायचं, मग पुढचं पाऊल.

कंत्राटाची, म्हणजे उमेदवाराशी होणाऱ्या शिकाऊ उमेदवारीच्या कराराची तारीख तितकीच महत्त्वाची. आम्ही एकाला १ तारखेला मशीनवर उभा केला आणि कंत्राट पोर्टलवर २० तारखेला केलं. ही आमची चूक. कंत्राटाआधीचे दिवस सरकारी वाट्यात धरले गेले नाहीत, ते पूर्ण आम्ही भरले. पैशांपेक्षा गंभीर बाब दुसरी आहे. अप्रेंटिस कायद्याखाली नेमलेल्या उमेदवाराला पीएफ आणि ईएसआय लागू होत नाही, पण ही सूट कंत्राट असेल तरच. त्या एकोणीस दिवसांत त्याचा हात मशीनच्या फिरत्या चकमध्ये गेला असता, तर तो ना कामगार ना अप्रेंटिस अशा अवस्थेत सापडला असता. कंत्राट झाल्यावर सात दिवसांत त्याचा तपशील पोर्टलवर भरायचा, असं कायदा सांगतो. मी तर म्हणेन, त्याआधी मुलाला शॉपफ्लोअरवर पाऊल टाकू देऊ नका. कंत्राट असतानाही अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच असते, म्हणून त्याचा विमा घेऊन ठेवा.

एकदा सुरू झालं की महिन्याचं काम तासाभराचं आहे. हजेरी मस्टरवरून पोर्टलवर टाकायची, आपला वाटा पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत बँकेतूनच द्यायचा आणि त्याची नोंद ठेवायची. रोख दिलेल्या पैशांना पुरावा राहत नाही. हजेरी टाकायला आपण उशीर केला की सरकारचा वाटाही उशिरा निघतो, आणि मुलांना हे कारण कळत नाही. त्यांना पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यावं: तुझे अमुक इतके आमच्याकडून, अमुक इतके सरकारकडून, दोन्ही एका दिवशी येणार नाहीत. बाहेरगावचा मुलगा खोलीभाडं आणि मेसचे पैसे आपल्याच भरवशावर देतो. म्हणूनच आम्ही आमचा वाटा किमानापेक्षा तीन हजारांनी वाढवला. सरकारचा हप्ता लांबला तरी त्याचा महिना निघाला पाहिजे. उचल देऊन नंतर वसूल करण्याच्या फंदात पडू नका, हिशोबही बिघडतो आणि मनही.

प्रशिक्षणाची नोंद मनापासून ठेवा. दर तिमाहीला प्रगतीचा अहवाल लागतो. आम्ही पहिले तीन महिने मेट्रॉलॉजी आणि ड्रॉइंग वाचन ठेवलं: व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, मग जिग-फिक्स्चर, नंतर व्हीएमसीचं (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचं) सेटिंग आणि शेवटी प्रोग्रॅमिंग. वर्षभर एकाच मशीनवर जॉब चढवायला-उतरवायला लावलं, तर ते स्वस्त मजूर घेणं झालं, आणि अहवालात काय लिहायचं हा प्रश्न तुमच्यासमोरच येऊन बसतो. ओव्हरटाइम लावू नका, कायदा त्याला परवानगीशिवाय मोकळीक देत नाही.

मध्येच कोणी सोडून गेलं तर त्याच आठवड्यात पोर्टलवर कंत्राट संपवा. नाहीतर आपली संख्या खोटी दिसते आणि त्या मुलाचीही पुढची वाट अडते. दरांचंही असंच, आधी तपासून घ्या: मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने स्टायपेंडमध्ये ३६ टक्के वाढीची शिफारस केली होती, तेव्हा वर दिलेले आकडे जसेच्या तसे न धरता अर्जाच्या दिवशीचा दर पोर्टलवर पाहून बजेट करा.

वर्ष पुरं झालं की मंडळाकडून प्राविण्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर नोकरी द्यायलाच हवी असं बंधन नाही, आम्ही तिघांना ठेवलं. प्रमाणपत्रावर नाव येतं ते कंत्राटातलंच. त्या मुलीचं नाव आम्ही आधीच आधारसह दुरुस्त करून घेतलं होतं, त्यामुळे तिला कागद पहिल्याच खेपेला बरोबर मिळाला.