आमच्या विहिरीतील नायट्रेट : माझा अनुभव

विहिरीचे पाणी दिसायला नितळ आणि चवीला गोड असल्यामुळे ते तपासून घ्यावे, असे आमच्या घरात कोणाला कधी वाटले नव्हते. नातू वरच्या दुधावर आला आणि दुधाची पावडर याच पाण्यात कालवावी लागणार, तेव्हा मात्र मे महिन्यात मी एक लिटरचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नेला. नायट्रेट लिटरला ३८ मिलिग्रॅम निघाले. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा ४५ असल्याने मी निश्चिंत झालो. पण तेथील रसायनतज्ज्ञ बाईंनी पहिला मोठा पाऊस झाल्यावर पुन्हा नमुना आणायला सांगितले. जुलैमध्ये आकडा ७१ वर गेला होता.

कारण त्यांनीच समजावले. युरियातील आणि शेणमुतातील नत्राचे मातीतले जिवाणू आधी अमोनियम व पुढे नायट्रेट करतात. अमोनियमवर धनभार असल्याने चिकणमातीचे ऋणभारित कण त्याला धरून ठेवतात. नायट्रेटवर ऋणभारच असल्याने माती त्याला धरत नाही आणि पाणी जाईल तिकडे ते जाते. आमच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पहिल्या पावसाचे पाणी मातीत झिरपत न बसता त्यांतून सरळ मुरमात व तेथून बेसाल्टच्या सांध्यांत उतरते.

मग मी विहिरीत उतरून पाहिले. पूर्वेच्या अंगाला, मुरूम संपून काळा पाषाण लागतो त्या रेघेवर, बोटभर पाझर चालू होता आणि त्याच्या वर, चढाला, आमचाच उकिरडा होता. त्या पाझराचे पाणी वेगळे भरून दिले, त्यात ९६ मिळाले. मला सर्वांत लागले ते हे की बाळासाठी आम्ही पाणी मुद्दाम खूप वेळ उकळत होतो. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही; उलट पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्याने कमी होते आणि बाळ निळे पडू शकते. नातवाला काही झाले नाही, हे आमचे नशीब.

दिवाळीत उकिरडा विहिरीच्या उताराकडे हलवला आणि उसाला युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी देऊ लागलो. पुढच्या जुलैत विहिरीचे पाणी ५२ आले. मुरमात आधीच उतरलेले नत्र अजून निघते आहे, म्हणून घरातले पिण्याचे पाणी अद्याप आरओ यंत्राचेच आहे.